कुटुंबप्रमुखाची गाडी

वाशी
२ एप्रिल १९८५

श्री. श्यामसुंदर भावोजी यांस,
वैजयंतीचा नमस्कार.

पाडव्याला तुमच्या शोरूममधून गाडी आमच्या सोसायटीत आली. म्हटलं, आता आभाराचं पत्र टाकायला हवं. तोंडी बोलले असते, पण तुमच्या केबिनमध्ये पाऊल टाकलं की तुम्ही ‘वहिनी आल्या, वहिनी आल्या’ करून सगळ्या स्टाफला उभं करता, मग चहा मागवता, मग बिस्किटं, आणि माझं काम राहतं बाजूला. म्हणून लेखी. टाइप केलंय आणि कार्बन कॉपी माझ्याजवळ आहे. टायपिंगचा क्लास चालवणाऱ्या बाईला एवढी खोड असायचीच.

आधी रंगाबद्दल आभार. मी क्रीम सांगितला होता, तुम्ही हिरवा दिलात. तोही साधा नाही, सरकारी दवाखान्याच्या भिंतीला अर्ध्यापर्यंत असतो तो. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, लसीकरणाची गाडी आली का म्हणून. मागच्या डाव्या दाराचं हँडल दार उघडण्याऐवजी सरळ हातात येतं. ते मी कपाटात जपून ठेवलंय, तुमची आठवण म्हणून.

पण खरे आभार पुढेच आहेत. काल तुमच्या सितारामने गाडीचं पुस्तक आणून दिलं. त्यात मालकाचं नाव वाचलं: जयप्रकाश गंगाराम शेट्ये. म्हणजे माझे यजमान आणि तुमचे सख्खे चुलत बंधू. दोन वर्षांपूर्वी श्रावणात ‘जरा देवदर्शनाला जाऊन येतो’ म्हणून हातात पिशवी घेऊन निघाले, ते बहुतेक अजून रांगेतच उभे आहेत.

भावोजी, गाडी घेतली ती क्लासच्या कमाईतून. करारनाम्यावर सही माझी. शिरवण्याच्या मुलींना वाशीपर्यंत यायला जमत नाही, म्हणून मशीनं घेऊन मीच तिकडे जाणार, त्यासाठी गाडी. आणि मालक कोण, तर ज्यांचा पत्ता पोलिसांनाही ठाऊक नाही ते! त्यांची सही फॉर्मवर कोणी ठोकली? तुम्हीच ना?

माझीही चूक आहे, नाही म्हणत नाही. ‘वाचल्याशिवाय कागद हातावेगळा करायचा नाही’ असं मुलींना शिकवता शिकवता माझा घसा बसतो, आणि मी स्वतः करारनामा न वाचता सही केली. पण वाचणार तरी कशी? तुमच्या मातोश्री, सुंदराकाकू, आरतीचं ताट घेऊन समोर उभ्या. मी पर्समधून चष्मा काढला तर म्हणाल्या, “अगो, घरच्या माणसाचो कागद कोण वाचता?” झालं. घरच्या माणसाचा कागद वाचणं म्हणजे त्याला चोर म्हणणं. मी चष्मा आत ठेवला आणि तुम्ही पेन पुढे केलंत.

रंग मी सोसेन. हँडल मी सुताराकडून बसवून घेईन. पण गाडी माझ्या नावावर करून द्या. ते परत आले नाहीत तरी गाडी माझी असली पाहिजे, आणि आले तरीही माझीच असली पाहिजे.

काकूंना नमस्कार.
वैजयंती


सुलक्षणा मोटर्स
तुर्भे नाका
६ एप्रिल १९८५

ती. सौ. वहिनींस,
श्यामसुंदरचा सा. नमस्कार.

आपले पत्र पावले. टायपिंग फारच सुबक. आमच्या ऑफिसातल्या मुलाला दाखवले, त्यालाही आपल्याकडे पाठवावे म्हणतो.

हँडलचे टेन्शन घेऊ नये. नव्या गाडीचे भाग सुरुवातीला जरा लाजतात, हळूहळू रुळतात. हलक्या हाताने, किंचित वर उचलून, मग बाहेर ओढावे. तरी नाही जमले तर उजव्या दाराने बसावे, आतून दोन्हीकडे जाता येते.

रंगाचे म्हणाल तर क्रीम गाडीसाठी दिवाळीपर्यंत थांबावे लागले असते आणि पाडव्याचा मुहूर्त हातचा गेला असता. शिवाय हिरवा रंग डोळ्यांना थंड. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी दादांना झगझगीत काही बघू नका असे बजावले आहे, त्यामुळे क्रीम तसाही बादच होता. हिरवी गाडी लांबून उठून दिसते हाही एक फायदाच.

आता नावाचे. वहिनी, आपण करारनामा वाचला नाहीत ही आपल्या मनाची थोरवी, पण कलम अकरा त्यात पहिल्यापासून आहे: ‘वाहनाची नोंदणी खरेदीदाराच्या कुटुंबप्रमुखाच्या नावे करण्यात येईल.’ खाली आपली सही आहे. मी फक्त कराराप्रमाणे वागलो. उद्या मी करार मोडला तर आपणच म्हणाल, भावोजी शब्दाचे पक्के नाहीत.

आणि वहिनी, घराण्याचाही विचार करावा. दादा बाहेरगावी असतात हे सगळ्यांना माहीत आहे. अशात गाडी बाईच्या नावावर झाली की लोक नको ते बोलतात. आईने दादा परत येईपर्यंत भात सोडला आहे, हे आपण जाणताच. मालवणच्या बाईने दोन वर्षे नाचणीच्या भाकरीवर काढणे साधी गोष्ट नाही. पुस्तक आपल्याकडे पाठवण्याआधी मी तिला दाखवले. दादांचे नाव पाहून तिने त्यावर कुंकू लावले. पहिल्या पानावर लाल डाग दिसेल, तो तेलाचा नाही.

पहिली सर्व्हिसिंग फुकट आहे. अवश्य यावे. चहा घेऊ.

आपला,
श्यामसुंदर


वाशी
८ एप्रिल

भावोजी,

कुठलं ऑपरेशन?

हँडल, रंग, कलम अकरा, सगळ्यावर मी येईन. आधी हे सांगा. दोन वर्षं ज्या माणसाचं साधं कार्ड आलं नाही, त्याला डॉक्टरांनी काय बघू नका म्हणून सांगितलंय ते तुम्हाला कोणी सांगितलं? स्वप्नात येऊन डोळे दाखवून गेले का?

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. म्हटलं, चुकून लिहिलं असेल, दुसऱ्या कुणा दादाबद्दल असेल. पण ज्या दादासाठी माझ्या गाडीचा रंग ठरतो असा दुसरा दादा तुम्हाला नाही.

तुम्ही माझ्याबरोबर चौकीवर आला होतात, आठवतंय? फोटो तुम्हीच निवडलात. मी काढलेला फोटो बघून म्हणालात, “यात दादा हसतोय, हा नको, पोलिसांना ओळखू यायचा नाही.” परत येताना मी रिक्षात रडले तेव्हा स्वतःचा रुमाल दिलात. तो मी धुऊन, इस्त्री करून परत पाठवला होता. तेव्हा माहीत होतं तुम्हाला? की नंतर कळलं? नंतर म्हणजे कधी?

आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे निदान कुणाला खोटं सांगत बसावं लागलं नाही. पण दोन वर्षं मी दाराची वरची कडी लावलेली नाही. माणूस अवेळी आला तर ताटकळत उभा राहायला नको म्हणून. शेजारीण म्हणते, बाई, चोर शिरेल. मी म्हणते, शिरू दे, निदान कोणीतरी येईल.

आता कलम अकरा. कुटुंबप्रमुख म्हणजे कोण ते तुमच्या करारात कुठेही लिहिलेलं नाही. सरकारने मात्र लिहिलंय. माझ्या रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून गेल्या वर्षापासून वैजयंती शेट्ये हे नाव आहे. साखर, रॉकेल, पामतेल सगळं कुटुंबप्रमुख म्हणून मीच रांगेत उभी राहून आणते. कार्डाची नक्कल सोबत जोडली आहे. तेव्हा करार पाळायचाच असेल तर तोही माझ्याच बाजूने आहे.

पण आधी ऑपरेशन.

वैजयंती


तुर्भे
१५ एप्रिल

ती. वहिनी,

हे पत्र शोरूमच्या कागदावर लिहिलेलं नाही, आणि टाइपही मुद्दाम केलेलं नाही. कृपा करून वाचून झालं की फाडा.

तुम्हाला काय सांगू आणि कसं सांगू. चौकीवर आलो तेव्हा मला खरंच काही माहीत नव्हतं, शप्पथ. दादा आधी नाशिकला होते, कुणा महाराजांकडे. पुढे त्या महाराजांशी पटलं नाही. दिवाळीनंतर एक दिवस पनवेलच्या आपल्या स्पेअरपार्टच्या दुकानात येऊन उभे राहिले. मी म्हटलं, दादा, घरी चला. तर म्हणाले, वैजूला कळलं तर मी खाडीत उडी मारीन. घाबरलो मी. मला आईची शपथ घातली. तेव्हापासून तिथेच आहेत. दुकानाच्या माळ्यावर राहतात, हिशेब बघतात. तब्येत चांगली आहे. जानेवारीत डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, ते मीच केलं, म्हणजे डॉक्टरांनी केलं, पण धावपळ माझी.

का गेले म्हणून विचारलं एकदा. म्हणाले, सोसायटीच्या मीटिंगला गेलो तर सेक्रेटरी म्हणतो, ‘टायपिंगवाल्या बाईंचे मिस्टर आले, त्यांना खुर्ची द्या.’ ते त्यांना फार लागलं. क्लासच्या पाटीवर तुमचं नाव, लेटरबॉक्सवर तुमचं नाव, दूधवालासुद्धा बाईंचं घर म्हणतो. पुरुषमाणसाला होतं असं.

म्हणून मी विचार केला. तुम्ही गाडी घ्यायला आलात तेव्हा मला वाटलं, देवानेच संधी दिली. गाडी दादांच्या नावावर असली की ते गाडीचे मालक म्हणून घरी येतील. मान राहील. फॉर्मवरची सही त्यांचीच आहे, मी ठोकलेली नाही, तेवढा डाग तरी माझ्यावरून काढा. रंगही त्यांना विचारूनच घेतला.

अक्षय्यतृतीयेचा मुहूर्त बघितला आहे. तुम्ही गाडी घेऊन शोरूमला या, दादांना मी पनवेलहून आणतो, जोडीने गाडीची पूजा करू आणि दोघं तिथूनच घरी जा. इतकं छान होईल वहिनी!

फक्त आईला आत्ताच काही बोलू नका. दादांना समोर उभं करून तिला एकदम आनंद द्यायचा आहे.

तुमचा,
श्याम


वाशी
१७ एप्रिल

मालक, सुलक्षणा मोटर्स, यांस,

परमार्थ पनवेलपर्यंतच गेला म्हणायचा. मी आपली बद्रीकेदार, काशी धरून बसले होते. इथून बसने गेलं तर एवढ्या वेळात मी ‘जाते आणि येते’ म्हणून परतसुद्धा आले असते.

तुमच्या कंपनीचा माल मी आता पूर्ण ओळखला. गाडीबरोबर स्टेपनी देतात, जॅक देतात, पायपुसणी देतात. तुम्ही नवराही देता, एका डोळ्याचं काम करून. हे कुठल्या कलमात येतं? करारनामा आता मी अथपासून इतिपर्यंत वाचलाय. टायपिंगच्या इतक्या चुका आहेत की माझ्या क्लासमधली पहिल्या आठवड्याची मुलगी लाजेल. पण ‘खरेदीदाराने पूर्वी हरवलेला माणूस आहे त्या स्थितीत स्वीकारावा’ असं कलम काही सापडलं नाही.

आणि मान! त्यांचा मान राहावा म्हणून माझ्या पैशाच्या गाडीवर त्यांचं नाव. ‘टायपिंगवाल्या बाईंचे मिस्टर’ म्हटलं म्हणून माणूस घर सोडतो? मला एवढी वर्षं सगळे मिसेस शेट्ये म्हणतात, मी कुठल्या महाराजांकडे गेले?

चिडले आहे मी, भावोजी. सरळ सांगते. तुम्ही लबाड असतात तर एवढी चिडले नसते. पण तुम्हाला खरंच वाटतंय की तुम्ही छान केलंत.

माझं राहू द्या, मी परक्याची लेक. पण तुमच्या आईचं काय? रोज दुपारी ताटावर बसून भाकरी कुस्करतात, भाताचं भांडं बाजूला सारतात आणि म्हणतात, “माझो जयो खंय उपाशी आसात तो.” तुम्ही समोर बसून कालवण-भात ओरपता, आणि तुम्हाला माहीत असतं की जयो पनवेलच्या खानावळीत पापलेट खातोय. घास उतरतो कसा? तोही हलक्या हाताने, किंचित वर उचलून?

माझं म्हणणं एकच आहे. अक्षय्यतृतीयेच्या आत गाडी माझ्या नावावर करायचे कागद सही होऊन मिळाले पाहिजेत. नाही मिळाले तर मी त्या दिवशी येईन. गाडी घेऊनच येईन. पूजेला मात्र नाही.

वैजयंती शेट्ये
(कुटुंबप्रमुख)


सुलक्षणा मोटर्स
तुर्भे नाका
२५ एप्रिल १९८५

सौ. वैजयंती शेट्ये यांस,
विषय: अक्षय्यतृतीयेस आमच्या शोरूममध्ये आपण केलेल्या प्रकाराबाबत तक्रार.

महोदया,

आपण त्या दिवशी सकाळी सदर हिरवी गाडी आमच्या फाटकात आडवी लावलीत. त्यामुळे आतली एकही नवी गाडी बाहेर निघू शकली नाही. गिऱ्हाइकं नटूनथटून आली होती, भटजी दोन बोलावले होते, दोघेही खोळंबले.

त्यानंतर आपण आत येऊन, चहा नाकारून, प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातातला करारनामा मागून घेतलात आणि मोठ्याने वाचून दाखवलात, चुकांसकट. दिवाळे गावच्या वेणूबाई मासळीसाठी टेम्पो घ्यायला आल्या होत्या. अंगठा उठवायला तयार असलेली बाई, ती आपल्याला म्हणाली, “बाय, माजा पन कागुद वाच.” कलम अकरा ऐकून म्हणाली, “माजा घोव दारू पितो, त्याचे नावावर टेम्पो? माना नाय पायजे.” आणि निघून गेली. तिच्यामागून आणखी दोन कुटुंबं गेली. याची भरपाई कोण करणार?

हेही मी सोसलं असतं. पण जाता जाता आपण आईपाशी गेलात आणि सगळ्यांसमोर म्हणालात, “काकू, आजपासून भात खा. जयप्रकाश पनवेलला आहेत, बरे आहेत.”

वहिनी, आता तक्रार बाजूला ठेवून लिहितो, कारण तुम्ही निघून गेलात, पुढचं तुम्हाला माहीत नाही.

आईने हातातलं आरतीचं ताट खाली ठेवलं. शेजारच्या हॉटेलातून भाताची थाळी मागवली. माझ्या केबिनमध्ये, माझ्या खुर्चीवर बसून तिने तो भात शीत न् शीत खाल्ला. काचेतून सगळी गिऱ्हाइकं बघत होती. खाताना डोळ्यांतून पाणी चाललेलं, पण हात थांबला नाही. मग हात धुऊन मला म्हणाली, “आता तू सोड भात. वैजयंती सांगीसर.”

तेव्हापासून, तुम्ही सांगेपर्यंत, मला भात बंद आहे. घरात कुणी वाढत नाही. बायकोसुद्धा आईच्या बाजूने.

मग ती सितारामला घेऊन पनवेलला गेली. तिथे काय झालं ते दादा सांगत नाहीत, पण त्यांचा नवा चष्मा मोडला आहे.

मी हरलो, वहिनी. कागद मी तयार केले. पण दादा सहीला अडून बसलेत. म्हणतात, आधी वैजूला लिहितो. त्यांचं पत्र सोबत आहे. त्यात काय आहे ते मी वाचलेलं नाही, घरच्या माणसाचं पत्र वाचू नये म्हणून.

श्यामसुंदर


पनवेल
२५ एप्रिल

प्रिय वैजू,

अनेक आशीर्वाद.

बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. तू बरी असशील. मला डोळ्याचा थोडा त्रास आहे, बाकी ईश्वरकृपेने ठीक.

परवा काकू येऊन बरंच बोलल्या. म्हातारं माणूस आहे, मी मनाला लावून घेत नाही. शोरूमवरचा प्रकारही कानावर आला. तू चारचौघांत असं बोलायला नको होतंस, पण असो. एकांतात मी पुष्कळ चिंतन केलं आहे आणि झालं गेलं सगळं विसरून जायला मी मोठ्या मनाने तयार आहे. तुझ्याबद्दल माझ्या मनात आता काही किल्मिष नाही.

तेव्हा मी यावं म्हणतो. दोन-तीनच गोष्टी आहेत. दारावर माझ्या नावाची पाटी असावी, तुझी खाली चालेल. श्याम सांगत होता, माझ्या आरामखुर्चीच्या जागी तू टायपिंगचं मशीन ठेवलं आहेस, ते हलवावं. क्लास चालू ठेवायला माझी हरकत नाही, मात्र संध्याकाळी घरात ती टकटक नको, जपाला बसतो.

गाडी तुझ्या नावावर करायची म्हणतेस. करू. मला मोह नाही. तू फक्त ‘या’ एवढं लिही. ते पत्र हातात पडलं की त्याच दिवशी सही करतो.

तुझा,
जयप्रकाश

ता. क. हिरवा रंग चांगला निवडला आहे ना?


वाशी
२९ एप्रिल

श्री. जयप्रकाश यांस,

तुमचं पत्र मिळालं. अक्षर बदललेलं नाही, अजून ओळी उजवीकडे चढतात.

तुम्ही मला माफ केल्याचं वाचून बरं वाटलं. कशाबद्दल ते लिहायचं राहिलं असेल.

श्याम भावोजींनी चुकून ऑपरेशनचं लिहिलं, ते वाचलं त्या क्षणी मी काय केलं सांगू? स्वयंपाकघरात जाऊन देवापुढे साखर ठेवली. जिवंत आहात एवढंच डोक्यात होतं. डोळा कसा असेल, कोणी औषध घालत असेल का, याचीच काळजी. मग साखरेचा डबा फडताळात ठेवता ठेवता लक्षात आलं की जो माणूस मेला नाही, हरवला नाही, आजारी पडून कुठे अडकला नाही, तो नुसता आला नाही. मग मी खाली बसले आणि इतकी रडले की क्लासच्या मुली हाका मारून परत गेल्या. मेलेल्या माणसासाठी सुद्धा मी अशी रडले नसते.

‘या’ म्हणू? गाडीसाठी? मी ‘या’ लिहायचं आणि मग तुम्ही सही करायची, असा हा व्यवहार. तुमच्या भावाने मला एका करारात गुंडाळलं, आता तुम्ही दुसरा पुढे केलात. हा मात्र मी नीट वाचला. मी यावर सही करणार नाही.

म्हणून मीच मोकळी होते. हे पत्र घेऊन येणारा सिताराम गाडीही घेऊन येतोय. किल्ल्या त्याच्याकडे आहेत, मागच्या दाराचं हँडल पुढच्या सीटवर ठेवलंय. गाडी तुमची, पुस्तकात तसं लिहिलंच आहे. मालक म्हणून बसा. शिरवण्याला मी रिक्षाने जाईन, मशीन मांडीवर घेऊन. जात होतेच.

आजपासून दाराची वरची कडीही लावते आहे.

वैजयंती


तुर्भे
६ मे

ती. वहिनी,

एक चांगली बातमी. दादांनी सही केली. नुसती केली नाही, मला झोपेतून उठवून केली.

काय झालं ते सांगतो, तुम्हाला हसू येईल. तुम्ही गाडी पाठवलीत ती सितारामने दुकानासमोर उभी केली. पहिल्या दिवशी दादा खुशीत. फडक्याने पुसत काय होते, शेजाऱ्यांना बोनेट उघडून काय दाखवत होते. चालवता येत नाही, म्हणून नुसते आत बसायचे. जपालासुद्धा गाडीतच बसले.

दुसऱ्या दिवशी शिरवण्याच्या दोन मुली बाजाराला आल्या होत्या. त्यांनी गाडी बघितली आणि धावत आल्या. काचेतून डोकावून दादांना विचारतात, “काका, ही आमच्या बाईंची गाडी ना? बाई कुठायत? तुम्ही त्यांचे ड्रायव्हर का?”

दादा गाडीतून उतरले, ते परत आत बसले नाहीत. मध्यरात्री येऊन मला उठवलं, म्हणाले, आण तो कागद.

मी त्यांना म्हटलं, दादा, घरी जायचं तर सरळ जाऊन दार वाजवा. तर म्हणाले, बघू. ते ‘बघू’ म्हणाले की काय समजायचं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी आता मध्ये पडणार नाही. कलम अकरासुद्धा काढून टाकलं, वेणूबाईंनी टेम्पो घेतला, स्वतःच्या नावावर. तुमच्या गाडीचं हँडल नवीन बसवलं आहे. रंगाचं आता काही होणार नाही, तेवढं माझ्यासाठी सोसा. आणि एकदा आईला सांगा ना, भाताचं. नाचणीने माझं पोट बिघडलंय.

एकच अडचण उरली. ठाण्याच्या आरटीओला द्यायच्या फॉर्मात मालकाच्या नावापुढे ‘यांची पत्नी’ किंवा ‘यांची मुलगी’ असं असतं, त्यातलं एक खोडायचं आणि दुसऱ्यापुढे नाव लिहायचं. तिथला कारकून म्हणतो, लग्न झालेल्या बाईचं पत्नी म्हणूनच लिहायचा रिवाज आहे. मी दादांचं नाव घालू ना? नावापुरतंच हो. त्याशिवाय बरं दिसणार नाही. उद्या सितारामच्या हाती कळवा, म्हणजे परवा गाडी तुमच्या दारात आणि पुस्तक तुमच्या हातात.

श्याम


वाशी
७ मे

श्याम भावोजी,

काकूंशी बोलले. उद्यापासून तुम्हाला रात्रीचा भात मिळेल. दुपारचा श्रावणात बघू म्हणाल्या.

नाव वैजयंती शेट्ये असंच राहू द्या. क्लासच्या पाटीवर तेच आहे, रंगाऱ्याला परत कोण बोलावणार.

फॉर्मातलं ‘पत्नी’ खोडा. कारकुनाला काय रिवाज वाटतो ते त्याच्यापाशी. पुढे लिहा: गोविंद रामचंद्र नारकर यांची मुलगी. नाव तीनही शब्दांत लिहा आणि लिहून झालं की एकदा वाचा.

बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. पण जायच्या आधी त्यांनी मला हाक मारली, उशाशी बसवलं, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, “येतो गो बाय.”

वैजयंती